दहा ते पाच आणि दहा डीबीएम

काल संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला: "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. शेरा: ग्राहकाला डीबीएम समजावून सांगितले."

मला! ज्याची एकतीस वर्षं टेलिफोनच्या ट्रान्समिशनमध्ये डेसिबल मोजण्यात गेली, त्याला!

इंटरनेट तीन दिवस बंद होतं, डब्यावरचा लाल दिवा डोळे मिचकावत होता आणि 'दहा ते पाचमध्ये माणूस येईल' असं कळवल्यावर माणूस पाचला दहा कमी असताना आला, एवढ्यात पूर्वपीठिका संपली. पंचविशीतला पोरगा. त्यानं पिवळी वायर काढून उजेडाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरला लावली, "मायनस एकतीस, लो आहे काका," म्हणाला आणि कपाट ओढलं. वायर कपाटाच्या पायाखाली मुडपून बसली होती. (दिवाळीच्या सफाईत ते कपाट भिंतीला कोणी रेटलं, हा विषय आमच्या घरात आता निघत नाही.) काचेचा तंतू फार वाकला की उजेड वळणावरच सांडतो. त्यानं वायर मोकळी केली, टोक टिश्यूनं पुसलं. मायनस एकवीस. लाल दिवा विझला.

इथे मी 'चहा घेणार का?' म्हणायला हवं होतं. पण त्यानं ऑफिसला फोन लावला, "काकांकडे दहा डीबीएम वाढवून दिलेत, क्लोज करा."

"दहा डीबी," मी म्हणालो.

"तेच ना काका."

"तेच नाही!"

मी त्याला बसवलं. म्हटलं, तू तीन वाजता आलास आणि पाच वाजता गेलास, तर किती थांबलास? दोन तास. 'दोन वाजता थांबलो' म्हणशील का? डीबीएम म्हणजे 'वाजता', एक मिलीवॅटच्या तुलनेत पॉवर कुठे आहे ते; मायनस म्हणजे त्याहून कमी. डीबी, म्हणजे नुसतं डेसिबल, हे 'तास', दोन पातळ्यांमधलं अंतर. मायनस एकतीस डीबीएमवरून मायनस एकवीस डीबीएमवर आलास, तर वाढ दहा डीबी, म्हणजे उजेड दहापट. दहा डीबीएम म्हणजे चक्क दहा मिलीवॅट! तेवढा उजेड खरंच घातलास तर आत्ता येतोय त्याच्या हजारपटीहून जास्त होईल आणि हा डबा आंधळा होईल.

पोरानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "पण काका, मी तीनला आलोच नव्हतो."

तेवढ्यात उघड्या दारातून सोसायटीचे सेक्रेटरी आत आले. गेली पाच वर्षं ते कोपऱ्यावरच्या मंडळाशी स्पीकरच्या भिंतींवरून भांडताहेत, त्यामुळे डेसिबल हा शब्द त्यांच्या मालकीचा आहे.

"डेसिबल? कुठे वाजतंय?"

"वाजत नाहीये. उजेडाचे डेसिबल आहेत."

"उजेडाला आवाज असतो?"

"नसतो. मायनस एकवीस..."

"मायनस आवाज?" ते खुर्ची ओढून बसले. "म्हणजे शांततेच्याही खाली? अहो, मग हे यंत्र मंडळाच्या मांडवात लावा की!" मग त्यांनी मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप उघडलं, वाकून फोन डब्याला टेकवला आणि आम्हा दोघांना हातानं गप्प केलं. आम्ही गप्प बसलो. एकतीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस श्वास रोखून वायफायचा आवाज ऐकत होता. "बेचाळीस," त्यांनी निकाल दिला. "निवासी भागात दिवसा 55, रात्री 45. कायद्यात बसतंय. रात्रीसुद्धा चालू ठेवा."

पोरगा एवढा खूश झाला की त्यानंही चहा मागितला.

या डेसिबलचं नशीबच असं. टेलिफोनवाल्यांनी ग्रॅहॅम बेलच्या नावानं 'बेल' हे माप काढलं, ते व्यवहाराला एवढं मोठं निघालं की त्याचा दहावा हिस्साच चलनात राहिला. बेलसाहेब 1922 मध्येच गेले, म्हणून ही काटछाट त्यांना पाहावी लागली नाही.

चहा पिताना सेक्रेटरी म्हणाले, मंडळाची पोरं यंदा ऐकतात हो, गेल्या वर्षी 85 होतं, या वर्षी 'दहाच डेसिबल जास्त' लावू म्हणालीत. आणि हे 'बरं' म्हणून परत आले! दहाच! मी ओरडलो की दहा डेसिबल म्हणजे दहापट ऊर्जा, तीन डेसिबलनंच दुप्पट होते. हे गृहस्थ म्हणतात, "85 चे 95, म्हणजे जेमतेम बारा टक्के." त्या बारा टक्क्यांखाली माझ्या खिडकीच्या काचा दहा दिवस थरथरणार आहेत, आणि तक्रार करायला गेलो तर आकडा कळणारा मी एकटाच. आकडे कळणाऱ्याला या देशात 'चिकट' म्हणतात.

पोरगा सॅक उचलून निघाला. तो दारात थांबून म्हणाला, "काका, पाच स्टार द्या. कमी दिले तर आमचे पैसे कापतात. आणि तुमचं बरोबरच असेल, पण लाल लाईट गेली ना?"

गेली होती. ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचाच राग जास्त आला. दिवसाला किती खांब चढत आणि किती कपाटं ओढत असेल हा पोरगा, त्यात 'एम' लावायचा की नाही हे त्याला कुणी कधी सांगितलं असणार?

मी पाच स्टार दिले. फक्त शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "सुधारणा 10 डीबी. डीबीएम नव्हे."

दोन मिनिटांत उत्तर आलं: "आपली नवी तक्रार नोंदवली आहे. आमचा प्रतिनिधी उद्या दहा ते पाच या वेळेत येईल."