गुडघ्यात वळणारा ही-मॅन

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या माणसाला घरात चोरून काही आणता येत नाही. चाळीत निदान एखादा शेजारी फितवता यायचा. इथं पार्सल गेटवर आलं की घरातल्या सगळ्या मोबाइलवर एकदम घंटा वाजते. मी मानपाड्याच्या सिग्नलला अडकलेलो असतो, तोवर बायको 'अलाऊ' दाबून मोकळी होते. घरी पोचावं तर खोका जेवणाच्या टेबलावर, भोवती कुटुंब, आणि कांदा चिरायची सुरी खोक्याच्या टेपवर टेकवलेली.

"थांब! कार्डाला लागेल!" मी बूट न काढताच ओरडतो.

"या वेळी कोण आलंय राहायला?" बायको शांतपणे विचारते.

या वेळी ही-मॅन आला होता. आमच्या पिढीला ओळख करून द्यायची गरज नाही. दूरदर्शनवरच्या कार्टूननं ती करून दिली होती. मॅटेल कंपनीनं हे खेळणं 1982 साली काढलं. साडेपाच इंचाचा गडी, छाती मारुतीच्या देवळातल्या तसबिरीसारखी, कमरेला केसाळ चड्डी, आणि गुडघे जन्मतःच अर्धवट वाकलेले. ते ना सरळ व्हायचे, ना आणखी वळायचे. पाय आतून रबरानं अडकवलेले असायचे. कमरेत स्प्रिंग होती, पिळून सोडली की तो गर्रकन फिरून ठोसा मारायचा. हे सगळं मी पाहिलेलं आहे, केलेलं नाही. चरईतल्या आमच्या वाड्यात ज्या एका मुलाकडे तो होता, त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. त्याच्या ही-मॅनशी लढायला कुणीतरी हवं म्हणून मला स्केलेटॉरचा आवाज काढायला बसवायचा. स्केलेटॉर नव्हताच, नुसता आवाज. शिवाय दर वेळी हरायचं.

गोखले रोडवरच्या एका दुकानाच्या काचेत तो उभा असायचा. बाबा वागळे इस्टेटमधून दमून आलेले असताना विषय काढला की उत्तर ठरलेलं, "पहिला नंबर आण, मग बघू." माझा नंबर जिथं यायचा तिथं फार तर कंपासपेटी मिळायची.

मॅटेलनं 2020 मध्ये तोच ही-मॅन 'ओरिजिन्स' या नावानं परत आणला. चेहरा तोच, चड्डी तीच, आणि ज्या पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटवून तो विकतात, त्यावरचं चित्रही जुन्या वळणाचं. फरक एवढाच, की आता तो कोपरात वळतो, मनगटात वळतो, घोट्यात वळतो आणि गुडघ्यात तर असा वळतो की पंगतीत मांडी घालून बसवावा. मी वाड्यात उकिडवा बसून गोट्या खेळत होतो तेव्हा याचे गुडघे वळत नव्हते. आता याचे वळायला लागले, तर मला सत्यनारायणाच्या पूजेला खुर्ची लागते.

कंपन्यांनी आम्हाला बरोबर ओळखलंय. जुनं खेळणं आम्हाला नकोच आहे. खरं जुनं खेळणं हातात घेऊन बघा. प्लॅस्टिक चिकट झालेलं, पांढऱ्याचं पिवळं पडलेलं, पाय लुळे. आम्हाला हवं असतं ते आठवणीतलं, आणि आठवणीतला ही-मॅन सगळीकडून वळायचाच. चाळीस वर्षं आम्ही त्याला मनातल्या मनात दुरुस्त करत होतो, कंपनीनं ती दुरुस्ती तेवढी साच्यात ओतली. पैसे द्यायचे ते त्याचे, आणि मी ते आनंदानं देतो.

जुनेपणाचा हट्ट कुठवर जावा? हॅस्ब्रो कंपनीनं 2019 मध्ये 'स्टार वॉर्स' सिनेमाच्या बाहुल्या, त्या मुळात काढणाऱ्या जुन्या केनर कंपनीच्या धाटणीत काढल्या. पावणेचार इंच उंची, मान, दोन खांदे, दोन मांड्या, बास. एवढंच हलतं. आणि कार्डाच्या कडा झिजलेल्या, रंग उडालेला, अशा छापलेल्या! त्यातली एक घरी आली तेव्हा आई गावाहून आली होती. तिनं चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"अरे, फसवलं तुला. फाटका माल पाठवलाय. बदलून घे."

"आई, ते छापलेलं आहे."

"फाटलेलं छापतात?"

"मुद्दाम छापतात. जुनं वाटावं म्हणून."

"मग तुझी जुनी खेळणी मी भंगारवाल्याला दिली, तेव्हा एवढा का रडलास? ती तर खरोखर फाटलेली होती."

याला उत्तर नाही. केनरचीच एक गोष्ट सांगून मी विषय बदलला. 1977 साली 'स्टार वॉर्स' असा काही चालला की नाताळपर्यंत खेळणी तयारच होईनात. तेव्हा केनरनं चक्क रिकामं पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. आत एक कूपन. ते भरून पाठवा, बाहुल्या पुढच्या वर्षी टपालानं येतील. लोकांनी घेतलंसुद्धा! आईनं पदर तोंडाला लावला. "आणि तू?" ती म्हणाली, "तुला भरलेलं मिळतं, तर तू उघडत नाहीस."

तेही खरंच आहे. आमच्या पंथात कार्डातून बाहेर काढलेल्या बाहुलीला 'लूज' म्हणतात आणि तिची किंमत काढल्याक्षणी पडते. कार्ड टांगायला वरच्या बाजूला जे भोक असतं, त्यातला पुठ्ठ्याचा तुकडा जागच्या जागी असेल तर मोठमोठी माणसं हळवी होतात. म्हणजे दुकानात ती कधी खिळ्यालाही लागली नाही. सोवळ्यातलं लोणचंसुद्धा इतकं जपत नाहीत.

त्याहून पुढची गंमत म्हणजे जी खेळणी कधी आलीच नाहीत त्यांचाही आम्हाला गहिवर येतो. 1979 च्या 'एलियन' या भयपटावर केनरनं पावणेचार इंची बाहुल्या काढायचं ठरवलं होतं. नमुने झाले, बाजारात मात्र त्या बाहुल्या आल्या नाहीत. सुपर सेव्हन नावाच्या कंपनीनं तीसेक वर्षांनी ते नमुने डोळ्यांपुढे ठेवून तशाच बाहुल्या काढल्या, आणि लोकांनी "आमचं बालपण!" म्हणून हंबरडा फोडला. कुणाचं बालपण? पण मला ते पटतं. माझ्याकडे ही-मॅन तरी कुठं होता!

किमतीवर आम्ही घरात बोलत नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये वीसवरून साठ टक्क्यांवर गेलं आणि 2023 मध्ये सत्तरवर, एवढं मात्र मी बायकोला आकडेवारीसह सांगितलंय. म्हणजे राग सरकारवर जावा. तो तिथं फार वेळ टिकत नाही.

एक जवान मात्र अस्सल माझा आहे. हॅस्ब्रोच्या 'जी. आय. जो' या अमेरिकी सैनिक-बाहुल्यांतला, पण फनस्कूलनं भारतात काढलेला. गोव्याच्या कारखान्यात बनलेल्या या मालिकेचे रंग अमेरिकेतल्यापेक्षा इतके भलतेच असायचे, की आज तिकडचे संग्राहक त्यासाठी डॉलर मोजतात. माझ्याला मामेभावानं इतकं ताणलंय की त्याचा एक अंगठा नाही, त्यामुळे बंदूक पडते. या जवानांच्या पोटात काळ्या रबराची एक रिंग असते. धड आणि पाय तिनंच बांधलेले. कालांतरानं रबर वाळतं, तुटतं, आणि शूर शिपायाचे दोन तुकडे होतात. हॅस्ब्रोनं हल्ली नवे जवान काढले तेव्हा ती रिंगसुद्धा परत आणली. दुखणंही जुनंच हवं, याला म्हणतात निष्ठा.

रिंग शोधत मी जांभळी नाक्याजवळच्या एका नळ-पाइपवाल्याकडे गेलो.

"बारीक रबरी रिंग आहे का?"

"नळाला बसवायचीय?"

"नाही, कमरेला."

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब, कमरेला पट्टा येतो. समोर मेडिकलमध्ये विचारा."

नमुना दाखवल्यावर त्यानं मूठभर रिंगा काउंटरवर ओतल्या. घरी पाठीतला स्क्रू काढला, जुन्या रबराचा चुरा कानकोरण्यानं साफ केला आणि पायांचा आकडा नव्या रिंगेत अडकवला. जवान ताठ उभा राहिला. बायकोनंही "अरे वा" म्हटलं.

आणि दिवाळी आली. सोसायटीतल्या पोरांनी बागेच्या कोपऱ्यात किल्ला केला. मातीचे मावळे आणले, त्यातले दोन मोडले. मावळ्याला सांधा नसतो, तो उभा तर उभा, पडला तर संपला. सात वर्षांचा एक सरदार माझ्या दारात येऊन म्हणाला, "काका, पहारेकरी कमी पडतायत. तुमच्याकडे खूप आहेत ना?"

कार्डातले देणं शक्यच नव्हतं. मी लूजच दिला. फनस्कूलचा, बिनअंगठ्याचा, बुरुजावर उभा करायला. पोरं खूश झाली. "हा बसतोपण!" म्हणून त्यांनी त्याला बसवला, उठवला, कड्यावरून उतरवला, तोफेवर वाकवला, पुन्हा बसवला. चाळीस वर्षांत माझ्या एकाही बाहुलीचा इतका व्यायाम झाला नव्हता. भाऊबीजेला सरदार परत आला. एका हातात धड, दुसऱ्या हातात पाय.

मी पुन्हा जांभळी नाक्याला गेलो. नळवाल्यानं मला गर्दीतूनच ओळखलं.

"काय साहेब, पट्ट्यानं फरक नाही पडला?"