निवृत्तांनो, आता बिनधास्त क्लिक करा

निवृत्त झालात, अभिनंदन! इतकी वर्षं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी जीव नकोसा केला होता. दर थोड्या महिन्यांनी पासवर्ड बदला, पेन ड्राइव्ह लावू नका, आणि ऐन घाईच्या वेळी अपडेट. त्यात काही विचित्र मेल आला की शेजारच्या टेबलाकडे वळून "अहो, हे खरं वाटतंय का बघा जरा" असं विचारायची खोड. आता ते कॉम्प्युटरवाले नाहीत आणि ते टेबलही नाही. तुमच्या मशीनचे मालक तुम्हीच, अ‍ॅडमिनही तुम्हीच.

तेव्हा आधी अपडेटची कटकट बंद करा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची भोकं बुजवणारे अपडेट, थांबवला म्हणे. थांबवू दे. तुम्ही नाही का निवृत्त झालात? अजून चालताच आहात की.

ऑफिसच्या मेलबद्दल मात्र नीट ऐका. बँक, विमा, फोटो, सगळीकडे तोच पत्ता दिलेला असेल, तर तो चालू आहे तोवर बदलायच्या फंदात पडू नका. मेल बंद झाला की पासवर्ड बदलण्याची लिंक इमानेइतबारे त्या बंद पेटीत जाऊन पडेल. चोराला मिळणार नाही, तुम्हालाही मिळणार नाही. याहून कडेकोट बंदोबस्त कुठला?

आता मुख्य मुद्दा. निवृत्तीनंतर तुम्हाला 'सर' किंवा 'मॅडम' म्हणणारं कोण उरलं? घरात "बाबा, तुम्ही मध्ये पडू नका" आणि "आई, तुला नाही कळायचं". अशात एक फोन येतो. समोरचा आदबीने बोलतो, तासभर बोलतो आणि एकदाही वैतागत नाही. तुमच्या खात्याचा थोडा रिफंड बाकी आहे, म्हणतो. एवढ्या सज्जन माणसावर संशय घेणं तुमच्या संस्कारात बसत नाही, तेव्हा तो सांगेल ते अ‍ॅप घ्या आणि स्क्रीनवरचा नऊ आकडी नंबर त्याला वाचून दाखवा.

त्या नंबराने तुमचा कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात गेला, की माउसचा बाण आपोआप फिरू लागेल. तो तुम्हालाच बँकेच्या पानावर लॉगिन करायला सांगेल, आणि मध्येच स्क्रीन काळी होईल. "सर्व्हरचं काम चाललंय, हात लावू नका." लावू नका. स्क्रीन उजळेल तेव्हा शिल्लक एका शून्याने फुगलेली दिसेल. ब्राउझरमध्ये दिसणारं पान आपल्यापुरतं खोडून हवा तो आकडा टाकायला पाच सेकंद पुरतात, बँकेच्या हिशेबात तसूभर फरक पडत नाही. पण असल्या शंका कोत्या मनाला येतात. समोरचा एव्हाना रडकुंडीला आलाय: "मॅडम, चुकून जास्त गेले, माझी नोकरी जाईल." आयुष्यभर हिशेब चोख ठेवलेत तुम्ही. 'जास्तीचे' पैसे ताबडतोब परत करा.

आणि हे सगळं निवृत्तीची एकरकमी रक्कम खात्यात असतानाच उरकून घ्या. पगारदार माणसाकडून महिनाअखेरीस काय निघणार? तरुणांनी उगाच मिरवू नये. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे, आलेल्या फसवणुकीच्या तक्रारी बघा. पैसे गेल्याचं तरुण जास्त प्रमाणात सांगतात, पण वयस्करांचे गेले की एका फटक्यात मोठे जातात. अनुभवी माणसाचं असंच असतं, चुका मोजक्याच पण घसघशीत. एफबीआय या तिथल्या तपास यंत्रणेच्या इंटरनेट-गुन्हे तक्रार केंद्रात २०२४ साली साठीपुढच्यांनी नोंदवलेलं नुकसान जवळपास ४.९ अब्ज डॉलर होतं. ही फक्त नोंदवलेली रक्कम, कारण समंजस माणसं नोंदवत बसत नाहीत.

तुम्हीही नोंदवू नका. बँकेला लगेच कळवलं तर व्यवहार अडवता येण्याची थोडी शक्यता असते, म्हणून निदान आठवडाभर जाऊ द्या. मुलांना तर मुळीच सांगू नका. सांगितलंत तर फोन काढून घेतील आणि बटणांचा आणून देतील. मुलांनीही आपलं काम चोख करावं: आईबाबांनी "हा मेसेज खरा का रे?" विचारलं की असा उसासा टाकावा, की पुढच्या वेळी त्यांनी विचारायचं धाडसच करू नये.

एवढं गुपित ठेवलंत की एके दिवशी दुसरा फोन येईल. हा माणूस बुडालेले पैसे परत मिळवून देणारा. गेलेली रक्कम त्याला अगदी अचूक माहीत असेल, म्हणजे माणूस अभ्यासू. थोडी प्रोसेसिंग फी आधी भरावी लागते, तीही रास्तच. फुकट कोण कशाला धावेल? भरताना फक्त खात्यावरचं नाव बघून घ्या. मागच्या खेपेचंच असेल, तर तसं त्यांना नम्रपणे कळवा, म्हणजे ते दुसरं खातं देतील.