प्रॉपर्टी : कांदेपोहे, चार बशा, गरम

आमच्या घराण्यात कुणाच्याही नावावर कधी प्रॉपर्टी नव्हती. नाट्यशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला आणि दुसऱ्याच सत्रात ती माझ्या नावावर झाली. फळ्यावर यादी लागली होती, त्यात शेवटून दुसरी ओळ : प्रॉपर्टी, आणि पुढे माझं नाव. आनंदाच्या भरात घरी फोन केला. बाबा क्षणभर गप्प झाले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "रोडटच आहे का?"

नाटकवाल्यांची प्रॉपर्टी म्हणजे काठी, चष्मा, पत्र, पानाचा डबा, असं नटाच्या हातात जाणारं आणि ऐन वेळी न सापडणारं सगळं. आमच्या परीक्षेच्या नाटकात मुलगी दाखवण्याचा प्रसंग होता. त्यामुळे यादीतली पहिलीच नोंद : कांदेपोहे, चार बशा, गरम. 'गरम'खाली दिग्दर्शकाने लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या.

वास्तविक मागच्या सत्रात अभिनयाच्या तासाला आम्ही महिनाभर नसलेलंच खात होतो. नसलेला आंबा चोखायचा, मनगटावरून कोपराकडे निघालेला नसलेला ओघळ चाटायचा, नसलेली कोय बाजूला ठेवायची. एकाने तर आपली कोय दुसऱ्याने ढापली म्हणून खरं भांडण काढलं होतं. त्या जोरावर मी सुचवलं की पोहेही नसलेलेच ठेवू. दिग्दर्शकाने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. झालं होतं असं, की त्याच आठवड्यात सरांनी आंद्रे आंत्वान शिकवला होता. १८८७ साली पॅरिसमध्ये 'तेआत्र लिब्र' काढणारा हा माणूस. पुढच्याच वर्षी त्याने खाटकांवरच्या एका नाटकात रंगमंचावर खरं मांस टांगलं होतं. "त्याने अख्खं जनावर टांगलं," दिग्दर्शक म्हणाला, "तुला चार बशा पोहे होत नाहीत?"

मी आईला फोन लावला.

"पोहे तीन तास गरम कसे ठेवायचे गं?"

"ठेवायचे नसतात. केले की खायचे."

"पण पोह्यांची एंट्री सव्वाआठला आहे."

"मग पाहुण्यांना सव्वाआठलाच बोलाव की!"

पोहे खाता येणं आणि पोहे खाताना वाक्य बोलता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्या तालमीत कळलं. उपवर मुलगा "मला मुलगी" इथपर्यंत आला आणि त्याच्या घशात शेंगदाणा गेला. मुलगी पसंत आहे की नाही, ते दोन पेले पाणी झाल्यावर समजलं. शेंगदाणे रद्द. खोबऱ्याने मुलाच्या मामाला ठसका लागला, खोबरं रद्द. कोथिंबीर दातात अडकून पहिल्या रांगेतून दिसते, असं वेशभूषावालीचं म्हणणं पडलं. असं एकेक गळत शेवटी हळद लावलेले नुसते पोहे उरले, आणि ते प्रकाशात दिसेनात.

हा माझा दोष नव्हे. प्रसंग संध्याकाळचा, म्हणून प्रकाशयोजनेने दिव्यांपुढे अंबर जिलेटिन, म्हणजे पिवळट-केशरी पारदर्शक कागद, लावलेलं. त्या उजेडात पिवळं आणि पांढरं एकच दिसतं. पांढऱ्या बशीतले पिवळे पोहे म्हणजे तिसऱ्या रांगेतून रिकामी बशी. हळद दुप्पट केली तर मामा म्हणाले, हे पोहे आहेत की मुरगळलेल्या पायाचा लेप? स्टीलच्या बशा आणल्या, तर त्यांनी स्पॉट उचलला आणि वधूपित्याच्या कपाळावर चंद्रकोर पाडली. अखेर मेसमधल्या चॉकलेटी प्लॅस्टिकच्या बशा चालल्या. त्यांच्यावर मेसचं नाव कोरलेलं होतं, पण आंत्वानलाही सगळंच साधलं नसणार.

तालमी तेवीस दिवस चालल्या. चौथ्या दिवसापासून तालमीला कधीही न फिरकणारी मंडळी पोह्यांच्या प्रवेशाला अचूक येऊ लागली. भरतमुनींनी 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात रस समजावताना स्वयंपाकाचाच दाखला दिलाय. नाना व्यंजनं एकत्र आली की जशी चव निपजते, तसे भाव एकत्र येऊन रस. पण स्थायीभाव, म्हणजे ज्यांचा रस होतो ते मूळ भाव, त्यांनी आठच मोजले. वसतिगृहातली पोरं घेऊन त्यांनी तालीम केली असती, तर पहिला स्थायीभाव भूकच लिहिला असता.

प्रयोगाच्या दिवशी मी डाव्या विंगेत इंडक्शन शेगडी लावली. वाफ हवी तर पोहे तिथेच गरम करायला हवेत, हा माझा हिशोब. प्रॉपर्टीचा माणूस इतका विचार करतो हे कुणाच्या गावीही नसतं. इंडक्शन दोन हजार वॉटची होती. डावीकडचा प्लग आणि रंगमंचावरचे दिवे कमी-जास्त करणारा डिमर एकाच लाइनवर आहेत हे मला ठाऊक नव्हतं. पोहे गेले, वाफ दिसली, पहिल्या रांगेने वास घेऊन मान हलवली. माझा ऊर भरून आला. दुसऱ्या खेपेसाठी, म्हणजे खरं सांगायचं तर स्वतःसाठी, मी शेगडी पुन्हा चालू केली. नायिका बशी खाली ठेवून पुढे आली, आणि "मला काही बोलायचंय" म्हणाली. त्याच क्षणी ट्रिप.

मिट्ट काळोख. दोन सेकंद शांतता आणि मग टाळ्या. कुणीतरी सवयीने पडदाही ओढला. नायिकेचं बारा मिनिटांचं स्वगत तिच्या पोटातच राहिलं. ती माझ्याशी दीड महिना बोलली नाही. एक्स्टर्नल सर मात्र खूश होते. "खुला शेवट. धाडस केलंत." दिग्दर्शक खाली बघत म्हणाला, "हो सर, मुद्दामच."

मग तोंडी परीक्षा. सरांनी मला विचारलं, "भरताने रंगमंचावर काय काय दाखवू नये म्हटलंय?" मी युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराला वेढा, असं घडाघडा सांगितलं. शयन, चुंबन, आलिंगन हेही सांगितलं, जरा लाजून. जलक्रीडाही आठवली.

"अजून एक राहिलं."

मी छताकडे पाहिलं.

"भोजन," सर म्हणाले. "बाप, मुलगा, सून, सासू सगळे एकत्र बसून नाटक बघतात, म्हणून हे दाखवायचं नाही." त्यांनी गुणपत्रिकेवर काहीतरी लिहिलं. पेनाला टोपण लावलं. दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"उरलेत का थोडे?"

उरले नव्हते. अंधारात प्रकाशयोजनेने कढई पुसून नेली होती.