"टूलला काय कळतंय, भावा?" : डीबग कोडच्या तपासणीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, प्रतिक्रिया खणखणीत आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार. डीबगसाठी, म्हणजे दोष शोधताना तात्पुरता लिहिलेला कोड टूलकडून तपासून घ्यावा असं मी लिहिलं होतं. त्यावर उद्यमनगरातून तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: "टूलला काय कळतंय, भावा? ऊस नोंदणीच्या आमच्या वेब अ‍ॅपवर ईएसलिंट चालवलं तर साडेतीनशे वॉर्निंग, त्यातल्या तीनशेच्या वर नुसत्या कन्सोल.लॉगच्या. कोण वाचत बसणार? बिल्ड करताना टर्सर ते सगळं काढूनच टाकतोय, मग तपासायचं कशाला? आणि हंगामात वजनकाट्याचा आकडा आला नाही की त्याच लॉगवर आमचा जीव असतोय."

(नव्या वाचकांसाठी: ईएसलिंट हे जावास्क्रिप्ट कोडमधले दोष दाखवणारं टूल, कन्सोल.लॉग ही कन्सोलवर मजकूर छापणारी ओळ, आणि टर्सर हे बिल्ड करताना, म्हणजे कोड वापरासाठी तयार करताना, तो आखडणारं टूल.) वॉर्निंगचा आणि काट्याचा मुद्दा मला मान्य. टर्सरचा नाही, म्हणून आधी तोच घेतो.

टर्सरचा ड्रॉप-कन्सोल पर्याय चालू केला की तो कन्सोलचा कॉल कंसातल्या मजकुरासकट उडवतो. कंसात नुसतं व्हेरिएबल असेल तर काही बिघडत नाही. पण घाईत कुणी कन्सोल.लॉग(पुढचीस्लिप()) असं लिहिलं, तर? हे फंक्शन स्लिपचा नंबर देतं आणि देता देता मोजणी एकाने वाढवतं. डेव्हलपरच्या मशीनवर नंबर बरोबर वाढत जातात. प्रॉडक्शनच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या, बिल्डमध्ये ती ओळच नाही, मग मोजणीही जागची हलत नाही आणि पाठोपाठ आलेल्या दोन ट्रॉल्यांना एकच नंबर पडतो. आता दोष शोधायला डेव्हलपर बिल्ड चालवाल, तर तिथे दोषच नाही! एसबिल्ड या दुसऱ्या बिल्ड टूलच्या ड्रॉप पर्यायाचंही असंच आहे, आणि असे दोष घुसू शकतात हे त्यांच्या माहितीपत्रकात स्पष्ट दिलंय. टर्सरमध्येच प्युअर-फंक्स नावाचा वेगळा पर्याय आहे. त्यात कन्सोल.लॉग आणि कन्सोल.डीबग ही दोन नावं घातलीत तर कॉल जातो, पण कंसातलं काम शिल्लक राहतं. तुम्ही तो वापरा, आणि कन्सोल.एरर त्यात घालू नका.

हे झालं ब्राउझरकडचं. टर्सरचा हात सर्व्हरवर पोचतच नाही, आणि डीबग कोडचं खरं दुखणं तिथेच आहे.

पहिलं दुखणं म्हणजे चालू राहिलेलं बटण. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कचंच बघा. सेटिंगच्या फाइलीत डीबगची किंमत एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे सर्व्हरवर कोडबाहेर ठेवलेल्या किमतींतून, घेतलेली असते, सर्व्हरवर कुणीतरी नीट आठवणीने "फॉल्स" लिहिलेलं असतं, आणि तरीही डीबग चालूच असतो. कारण एन्व्हायर्नमेंटमधून येतं ते अक्षरांचं, म्हणजे स्ट्रिंग. पायथनच्या लेखी रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरी, मग तिच्यात "फॉल्स" का लिहिलेलं असेना. कोडमध्ये "डीबग = ट्रू" अशी ओळ शोधणाऱ्या साध्या नियमाला हे दिसणार नाही, कारण तशी ओळच नाही. इथे तुमचं "टूलला काय कळतंय" अगदी बरोबर बसतं. पण जँगोची स्वतःची चेक-डिप्लॉय तपासणी कोडचा मजकूर वाचत नाही, सेटिंग लोड झाल्यावर प्रत्यक्ष किंमत काय आली ते बघते, म्हणून तिला हे सापडतं. डब्ल्यू०१८ हा तिचा इशारा. मात्र दोन पथ्यं पाळावी लागतात. ती प्रॉडक्शनच्याच एन्व्हायर्नमेंटवर चालवायची, आणि फेल-लेव्हल, म्हणजे कुठल्या पातळीच्या इशाऱ्याला तपासणी नापास धरायची ते, वॉर्निंगवर ठेवायची. मुळात ती लेव्हल एररवर असते. डब्ल्यू०१८ पडला वॉर्निंग, त्यामुळे इशारा छापून येतो आणि पाइपलाइन, म्हणजे कोड आपोआप तपासून पुढे पाठवणारी साखळी, हिरवीच राहते.

चालू राहिलं तर काय होतं? जँगोचं एररचं पान डेव्हलपरसाठी नाद खुळा आहे: कुठल्या ओळीवर अडलं, त्या क्षणी कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय होतं, सगळं समोर. तेच पान मग बाहेरच्या कुणालाही दिसतं. सेटिंगच्या नावात सीक्रेट, टोकन, पास, की असलं काही असेल तर जँगो त्या किमती चांदण्या घालून झाकतो. फंक्शनमधल्या व्हेरिएबलना मात्र डीबग चालू असताना हा पडदा नाही. ऊसबिलाच्या फंक्शनमध्ये एरर आली तर शेतकऱ्याचा खातेक्रमांक उघड्यावर. पायथनच्याच फ्लास्क फ्रेमवर्कच्या डीबग मोडमध्ये तर पानावरच पायथनचा कन्सोल मिळतो, राखणीला एक पिन तेवढा. पायथनसाठी बँडिट हे टूल आहे, त्याचा बी२०१ नियम नेमका यासाठीच आहे. पीएचपीच्या लाराव्हेल फ्रेमवर्कवाल्यांनी सीव्हीई-२०२१-३१२९ ही जाहीर झालेली सुरक्षा-त्रुटी आठवावी: डीबग चालू आणि इग्निशन हे त्याचं एररचं पान दाखवणारं पॅकेज २.५.२ च्या आधीचं, एवढ्यावर बाहेरचा माणूस सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता.

दुसरं दुखणं जास्त गुपचूप आहे. कोडमध्ये कन्सोल.लॉग एकही नाही, सगळीकडे व्यवस्थित लॉगर (नोंदी ठेवणारी लायब्ररी), आणि लॉगिनच्या फंक्शनमध्ये "लॉगर.इन्फो, रिक्वेस्टची बॉडी". त्या बॉडीत ओटीपी आहे, पासवर्ड आहे. ईएसलिंटचा नो-कन्सोल नियम, म्हणजे कन्सोलचा कॉल दिसला की ओरडणारा, याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, कारण त्याच्या दृष्टीने लॉगर म्हणजे शिस्त. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायचा सल्ला दिला तो अशाच चुकीपायी. पासवर्ड बीक्रिप्टने हॅश होत होते, म्हणजे उलटं वाचता न येणाऱ्या रूपात बदलत होते, पण त्याआधीच ते जसेच्या तसे अंतर्गत लॉगमध्ये उतरत होते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात. म्हणजे आज चुकून लॉगमध्ये गेलेला पासवर्ड सहा महिने तिथे मुक्कामाला, आणि "फाइल उडवून टाकू" ही पळवाटही बंद.

यावर ईएसलिंटमध्ये नो-रिस्ट्रिक्टेड-सिंटॅक्स नियमाने स्वतःची अट घालता येते: लॉगरच्या कॉलच्या आत ओटीपी, पासवर्ड, आधार, टोकन असं नाव दिसलं तर एरर. रिक्वेस्टची अख्खी बॉडीही त्या यादीत घाला, नाहीतर नावं न घेता सगळा ऐवज निघून जाईल. तुमच्याकडे एक गंमत होणार. कारखान्याच्या यार्डात टोकन म्हणजे गाडीचा रांगेतला नंबर, आणि नियमाला तो गुपित वाटणार. तेवढ्या ओळीला सूट द्या, पण सूट देणाऱ्या कमेंटमध्ये दोन आडव्या रेघांनंतर कारण लिहायची सोय आहे ती वापरा. "गाडीचं टोकन, गुपित नाही" एवढं पुरतं. शिवाय हा नियम नाव बघतो, माल बघत नाही. पासवर्ड "पी" नावाच्या व्हेरिएबलमध्ये भरून लॉगरला दिला तर तो बिनबोभाट जाईल. म्हणून लॉगरच्या बाजूनेही झाकायचं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडवर पिनो हा लॉगर असेल तर त्याच्या रिडॅक्ट पर्यायात बॉडीतला ओटीपी आणि हेडरमधलं ऑथरायझेशन यांचे पत्ते देऊन ठेवा.

आता तुमच्या तीनशे वॉर्निंग. नो-कन्सोल हा नियम ईएसलिंटने २०१९ साली सहाव्या आवृत्तीत शिफारशीच्या संचातून स्वतःच काढला. नो-डीबगर, म्हणजे विसरलेली डीबगर ओळ पकडणारा नियम, तेवढा ठेवला. म्हणजे तुमच्या कॉन्फिगमध्ये नो-कन्सोल कुणीतरी हाताने घातलाय किंवा तयार टेम्प्लेटबरोबर आलाय. सर्व्हरच्या फोल्डरसाठी तो बंद करा आणि लॉगर वापरा. ब्राउझरच्या फोल्डरसाठी वॉर्न आणि एरर या दोन कॉलना मुभा देऊन तो एररवर न्या. वॉर्निंगवर काहीच ठेवू नका, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या वॉर्निंग असल्या की ईएसलिंट शून्य एक्झिट कोड देतं, पाइपलाइनला वाटतं सगळं ठीक, आणि आकडा साठत जातो. लिंट हे नावच कापडाला चिकटणाऱ्या तंतूंवरून आलंय. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात सी भाषेसाठी ते मूळ टूल लिहिलं. मागाभोवती उडून बसणारा कापूस रोज झाडला नाही तर काय होतं, हे इचलकरंजी एवढ्या जवळ असताना मी वेगळं सांगायला नको.

जुन्या तीनशे ओळी एका दिवसात काढायला बसू नका, हंगामाच्या तोंडावर तर मुळीच नको. ईएसलिंट ९.२४ पासून सप्रेस-ऑल पर्याय आहे. आजचे सगळे दोष एका जेसन फाइलीत नोंदवून बाजूला ठेवतो, ती फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये, घाला, आणि इथून पुढे नवीन दोष आला की बिल्ड अडेल. यातली फट तेवढी लक्षात असू द्या. नोंद असते फाइलगणिक आणि नियमागणिक आकड्याची, ओळीची नाही. एक जुनी ओळ काढून त्याच फाइलीत नवी घातली तर आकडा तोच, आणि कुणाला पत्ता नाही. कमिटच्या, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवण्याच्या, आधी आपोआप चालणारी हुक हवीच, पण "नो-व्हेरिफाय" लिहून ती कुणीही ओलांडतो, तेव्हा तीच तपासणी सर्व्हरवरच्या पाइपलाइनमध्येही ठेवा. आणि कन्सोलमधून लॉग नाव सोडवून घेऊन नुसतं लॉग() वापरलं तर नो-कन्सोलला ते कळत नाही. असा कोड रिव्ह्यूमध्ये माणसानेच धरायचा.

पीएचपीचा भाग असेल तर व्हार-डंप आणि प्रिंट-आर ही किंमत छापणारी फंक्शनं सरळ बंद. जेसनमधल्या उत्तराच्या आधी त्यांचा एक शब्द जरी छापला गेला तरी समोरच्या मोबाइल अ‍ॅपला उत्तर वाचता येत नाही.

राहिला वजनकाटा. तो लॉग काढा असं मी म्हणणार नाही. सिरियल पोर्टवरून आलेला कच्चा मजकूर, त्यातून वाचलेलं वजन आणि वेळ, या तिन्ही गोष्टी लॉगरच्या डीबग लेव्हलवर लिहा, नेहमीची लेव्हल इन्फो ठेवा. काटा अडला की एन्व्हायर्नमेंटमधून तेवढ्या एका मॉड्यूलची लेव्हल डीबगवर न्या, सोबत एक तारीख द्या, आणि ती उलटली की लेव्हल आपोआप इन्फोवर येईल असं कोडमध्येच लिहून ठेवा. गाळप जोरात सुरू असताना ते परत बंद करायचं कुणाच्याही लक्षात राहत नाही.