‘ट्रेडमिल आणा, बाकी सगळा पोरखेळ’: फिरणाऱ्या सल्ल्याला मुद्द्यागणिक उत्तर

घरी व्यायाम करणाऱ्यांसाठी म्हणून एक मजकूर सोलापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: पहिल्यांदा ट्रेडमिल घ्या आणि तो ४ एचपीपेक्षा कमी नको. जोडीला सहा कामांचा मल्टी-बेंच (पडून-बसून वजनं उचलायचा बाक) घ्या, म्हणजे जिमच घरात आली. रबरी पट्टे हा पोरखेळ आहे. चाळिशी उलटलेल्यांनी आणि बायकांनी वजनांना हात लावू नये, गुडघे झिजतात. पोटासाठी घामाचा पट्टा बांधा. जुनं साहित्य कधीच घेऊ नका.

यातला एकही मुद्दा घेणाऱ्याचं घर, वय आणि शरीर विचारात घेत नाही. साहित्य निवडताना आम्ही आधी दोन गोष्टी पाहतो. त्या वस्तूने शरीराच्या कोणत्या हालचालीला भार मिळतो, आणि तो भार थोडाथोडा वाढवता येतो का. या दोन कसोट्यांवर मजकुरातला जवळजवळ प्रत्येक सल्ला पडतो.

‘४ एचपीपेक्षा कमी ट्रेडमिल नको’

एक एचपी, म्हणजे मोटरची एक अश्वशक्ती, म्हणजे ७४६ वॅट. ४ एचपी म्हणजे २,९८४ वॅट, आणि २३० व्होल्टवर तेवढी शक्ती ओढायला सुमारे १३ अँपिअर लागतात. दुकानात ‘४ एचपी’ लिहिलेल्या मशीनची पिन पाहा. ती बारीक, ६ अँपिअरची असेल तर त्या सॉकेटमधून जास्तीत जास्त १,३८० वॅट मिळतात, म्हणजे १.८५ एचपी. मोटर तेवढ्यावर सतत ४ एचपी देऊच शकत नाही. खोक्यावरचा आकडा ‘पीक’चा असतो, मोटर क्षणभर देते त्या जोराचा. विचारायचा तो ‘कंटिन्युअस’ एचपी. नुसतं चालायचं असेल तर १.५ पुरतो. रोज पळणार असाल आणि वजन ८० किलोच्या पुढे असेल तर २.५ च्या वर जा.

एचपीइतकंच महत्त्व ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्याच्या मापाला आहे, आणि मजकुरात त्याचं नावही नाही. चालण्यासाठी पट्टा ४० सेंमी रुंद आणि १२० सेंमी लांब हवा. पळण्यासाठी किमान ४५ बाय १३० लागतो, उंच माणसाला त्याहून जास्त. पट्टा आखूड असेल तर पाय नकळत आखडतात आणि पोटऱ्या भरून येतात. मशीनच्या मागे २ मीटर जागा मोकळी हवी, कारण तोल गेला की माणूस मागेच फेकला जातो. मागे भिंत किंवा कपाट असेल तर तो पट्टा आणि भिंत यांच्यामध्ये अडकतो. सुरक्षा किल्लीची (ओढली गेली की मशीन थांबवणारी) क्लिप सदऱ्याला लावल्याशिवाय मशीन सुरू करू नका, आणि घरात लहान मूल असेल तर व्यायामानंतर ती किल्ली काढून वर ठेवा.

वीज हाही आपल्याकडे मोठा विषय आहे. वीज गेली की पट्टा एकदम थांबतो, म्हणून वेगात असताना हात कठड्याजवळ हवेत. घरातला नेहमीचा ८००–९०० व्हीएचा इन्व्हर्टर ट्रेडमिल ओढू शकत नाही, त्यावर लावूही नका. व्होल्टेज सारखं वरखाली होत असेल तर सगळ्यात आधी कंट्रोलर बोर्ड जातो. म्हणून स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, चालू अर्थिंग आणि मशीनला पेलेल असा स्टॅबिलायझर, एवढी सोय आधी करून घ्या. अर्थिंगचं कारण आणखी एक: इथल्या कोरड्या हवेत पट्ट्याच्या घर्षणाने स्थिर वीज साठते आणि कठड्याला हात लावताच झटका बसतो.

सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागून यंत्रमाग असेल तर कापसाचे तंतू मोटरच्या झाकणाखाली गोळा होतात आणि मोटर तापू लागते. महिन्यातून एकदा पिन काढून, झाकण उघडून मऊ ब्रशने ते झाडा. पट्ट्याखाली सिलिकॉन तेलच घाला. खोबरेल किंवा इंजिन ऑइल घातलं तर धूळ चिकटते आणि पट्टा खराब होतो. तेलाची वेळ झाली का हे मशीन बंद करून पाहता येतं: पट्ट्याची कड उचला, मध्यापर्यंत बोटं घाला, कोरडं लागलं तर तेल हवं. पट्टा डावीकडे सरकत असेल तर मशीन अगदी हळू चालवून मागचा डावा बोल्ट पाव फेरा आवळा, अर्धा मिनिट थांबा आणि मग पुन्हा पाहा. एकदम पूर्ण फेरा दिला की पट्टा दुसऱ्या टोकाला जातो.

एवढं सांगून एक गोष्ट मान्य करायला हवी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा सकाळी लवकर उठणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी घरात चालण्याची सोय उपयोगाची आहे. पण पत्र्याच्या तापलेल्या खोलीत ट्रेडमिल म्हणजे बाहेरच्यापेक्षा वाईट, कारण तिथे वाराही नसतो. आणि ज्यांना पहाटे कंबर तलावाकाठी किंवा पार्क मैदानावर जाता येतं, त्यांनी फक्त चालण्यासाठी एवढा खर्च पहिल्याच फटक्यात करू नये.

मजकूर असंही म्हणतो की ट्रेडमिलवर अर्ध्या तासात ५०० कॅलरी जातात. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणाऱ्या ७० किलोच्या माणसाच्या अर्ध्या तासात सुमारे १२० कॅलरी खर्च होतात. ५० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत १७० च्या आसपास असतात. पडद्यावरच्या आकड्यावर जेवणाचा हिशेब करू नका.

‘मल्टी-बेंच घेतला की जिम घरात’

आधी खोली मोजा. जुन्या गिरणी चाळीतली किंवा लहान फ्लॅटमधली खोली १० बाय १० फुटांची धरा. ५ फुटी रॉड आणि वजनं चढवा-उतरवायला दोन्ही बाजूंना २ फूट धरले की ९ फूट तिथेच गेले. पलंग आणि कपाट राहिलं तर रॉड वाकडातिकडा काढावा लागतो, आणि वाकड्या पकडीत खांदा दुखावतो.

बेंचवर ‘२०० किलो क्षमता’ लिहिलेलं असेल तर त्यात तुमचं वजनही धरलेलं असतं का, ते विचारा. बहुतेक वेळा असतं. ८० किलोच्या माणसाला मग १२० किलोच उरतात. स्टँडचे दोन खांब जवळजवळ असतील तर रॉडच्या एका बाजूची सगळी वजनं काढताच दुसरी बाजू खाली आदळते. म्हणून दोन्हीकडून आळीपाळीने एकेक प्लेट काढा. आणि घरी एकट्याने बेंचवर पडून रॉड छातीवर घेऊ नका. शेवटचा उचल अडला तर सोडवायला कोणी नसतं. तोच व्यायाम जमिनीवर पाठ टेकून दोन डंबेलनी होतो. कोपर जमिनीला टेकतं, हात दमले तर डंबेल बाजूला ठेवता येतात.

खरी फसगत होते ती सेटसोबत येणाऱ्या प्लेटमध्ये. स्वस्त संचातल्या काळ्या प्लेट म्हणजे प्लॅस्टिकच्या कवचात सिमेंट आणि वाळू. सिमेंट लोखंडाच्या सुमारे तिप्पट जागा घेतं, त्यामुळे दोन-तीन प्लेट चढवल्या की रॉड भरतो आणि भार वाढवायचा मार्गच बंद होतो. शहाबादी फरशीवर एकदा आपटली की कवचाला तडा जातो आणि वाळू झिरपू लागते. गच्चीवर उन्हात ठेवलेलं कवच आणखी लवकर ठिसूळ होतं. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या प्लेट घ्या, त्या आयुष्यभर टिकतात, आणि घेताना वजनकाट्यावर ठेवून पाहा. रॉडही तोलून घ्या: २५ मिमी जाडीचा भरीव ५ फुटी रॉड जवळपास ५.९ किलो भरतो, आणि १४ इंची डंबेल रॉड सुमारे १.४ किलो. ५ फुटी रॉड ३ किलो भरला तर तो पाइप आहे, मध्ये वाकणार. प्लेटचं भोक आणि रॉडची जाडी जुळते का ते दुकानातच बसवून पाहा.

सुरुवातीला एवढं पुरतं: १४ इंची दोन भरीव रॉड, आट्यांची चार लॉक, आणि लोखंडी प्लेट: ५ किलोच्या चार, २.५ च्या चार, १.२५ च्या चार. त्या १.२५ च्या प्लेट विसरू नका, दुकानदार स्वतःहून देत नाही. त्या नसतील तर डंबेलवरच्या प्लेटचे ५ किलो एकदम १० होतात, म्हणजे दुप्पट भार. बैठकीला ते चालतं, पण हात बाजूला उचलताना खांदा ते पेलत नाही, आणि मग कमरेला झटका देऊन उचलायची सवय लागते. सोलापुरात जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत उंच, जड नंदीध्वज पेलणारेही आधी सराव करून उतरतात. अंगाला भाराची सवय हळूहळूच लागते.

‘रबरी पट्टे पोरखेळ’

इथे मजकूर सगळ्यात जास्त चुकतो. तालमीतल्या जोर-बैठका ढकलण्याची आणि पायांची ताकद देतात. ओढण्याची ताकद तालमीत दोरखंड आणि मल्लखांबावर मिळायची. घरी जोर-बैठका उरल्या आणि ओढणं सुटलं. खांदे पुढे येतात, पाठीचा वरचा भाग कमजोर राहतो. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या आणि शिवणाच्या मशीनवर वाकणाऱ्या हातांना नेमकं हेच ओढणं लागतं, आणि ते सगळ्यात स्वस्तात रबरी पट्ट्याने मिळतं.

पट्टा दारात अडकवायचा अँकर बिजागरीच्या बाजूला लावा, आणि ओढताना दार तुमच्याकडे न उघडता बंद होत जाईल अशा बाजूला उभे राहा. उलटं केलं तर कडीवर सगळा ताण येतो आणि दार अंगावर उघडतं. पट्टा मूळ लांबीच्या अडीच पटीपलीकडे ताणू नका. त्याचा जोर ताणेल तसा वाढतो, म्हणून हालचालीच्या शेवटी क्षणभर थांबून सावकाश सोडा.

पट्ट्याचा वैरी म्हणजे ऊन. गच्चीवर किंवा खिडकीत राहिलेल्या पट्ट्याच्या रबराला (लेटेक्सला) बारीक चिरा पडतात आणि तो तोंडावर तुटतो. टाल्कम पावडर लावून कापडी पिशवीत, कपाटात ठेवा. दर वेळी वापरण्याआधी उजेडात धरून किंचित ताणून पाहा. पांढरट रेघ दिसली तर पट्टा टाकून द्या, गाठ मारून वापरू नका.

ओढण्यासाठी दारातला बार लावायचा असेल तर भिंत पाहा. विटांच्या पक्क्या भिंतीत लोखंडी अँकर बोल्ट धरतात. जुन्या दगड-मातीच्या, धाब्याच्या घरात ते धरत नाहीत, माती सुटून अख्खा बार खाली येतो. नुसता दाबून बसवायचा बार घामट हातांनी फिरतो, त्यावर पूर्ण वजनाने लोंबकळू नका.

‘चाळिशीनंतर आणि बायकांनी वजन उचलू नये’

हे नुसतं चूक नाही, यात नुकसान आहे. वयाबरोबर स्नायू कमी होत जातात आणि रजोनिवृत्तीनंतर बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात. दोन्हीवर भार घेणारा व्यायाम हा उपयोगी उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत सगळ्या प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. ६५ वर्षांवरच्यांसाठी ताकद आणि तोल यांचा व्यायाम तीन दिवस. म्हणजे वय वाढलं की ताकदीचा व्यायाम वाढवायचा आहे.

नळाला पाणी येतं त्या दिवशी घरातली बाई १५ लिटरची घागर, म्हणजे १५ किलोपेक्षा जास्त वजन, जिन्यावरून नेते. तिला ४ किलोच्या डंबेलची भीती घालणं अन्यायाचं आहे. धोका असतो तो ओझं कंबरेतून वाकून, मान तिरकी करून उचलण्यात.

गुडघेदुखीत मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताकद दिली तर गुडघ्याला आधार मिळतो. सुरुवात ४५ सेंमी उंचीच्या खुर्चीवरून उठ-बस करून करा: ८ वेळा, तीन फेऱ्या, बसताना धपकन न बसता तीन आकडे मोजत. गुडघे आत वळत असतील किंवा टाचा उचलत असतील तर खुर्ची उंच करा. दोन आठवडे सहज जमलं की छातीशी २ किलो धरा. पायाखाली सोलापुरी चादरीची घडी नको, गुळगुळीत फरशीवर ती सरकते. रबरी चटई घ्या. वजन असं निवडा की १० वेळा नीट उचलून झाल्यावर आणखी दोन वेळा उचलता आलं असतं. उचलताना श्वास कोंडू नका, रक्तदाब चढतो. हृदयविकार, काबूत नसलेला रक्तदाब, हर्निया किंवा मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

‘घामाचा पट्टा बांधा’

घाम म्हणजे पाणी. दोन ग्लास प्यायले की काट्यावरचं वजन परत येतं. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, आणि ती फक्त पोटावरूनच निवडून जाळता येत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पोटाला पट्टा आवळून व्यायाम करणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. हा पट्टा घेऊच नका.

‘जुनं साहित्य कधीच घेऊ नका’

लोखंड जुनं होऊन हलकं होत नाही. गंजलेल्या बीडाच्या प्लेट तारेच्या ब्रशने घासून काळा रंग मारला की नव्यासारख्या, आणि भंगाराच्या दुकानातही त्या सापडतात. रबरी पट्टे मात्र जुने घेऊ नका.

जुना ट्रेडमिल तपासूनच घ्यावा. विकणाऱ्याच्या घरी जाऊन तो स्वतः दहा मिनिटं चालवा. ताशी ३ किलोमीटरवर एक पाय जोरात टेका. पट्टा अडखळला तर तो ढिला आहे, मागचे दोन्ही बोल्ट पाव-पाव फेरा आवळून पुन्हा पाहा. पिन काढून पट्ट्याची कड उचला. खालची फळी मध्ये घासून खोलगट झाली असेल किंवा पट्ट्याची आतली बाजू काचेसारखी चकचकीत आणि कडक झाली असेल, तर फळी आणि पट्टा दोन्ही बदलावे लागतील. शेवटी मोटरच्या झाकणाजवळ वास घ्या. जळका वास आला तर किंमत कितीही उतरवली तरी ते मशीन घेऊ नका.