रोखीलाही किंमत पडते, काका!

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. एका ओळीत उत्तर देण्यासारखी ती नाही, म्हणून वेगळंच लिहिते आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. परदेशात हातखर्चाला पैसे कसे न्यावेत, या लेखात मी म्हटलं होतं की मोठा भाग कार्डावर ठेवावा, आणि रोख जुजबी न्यावी, तीही त्या देशाच्याच चलनात. काकांना हे अजिबात पटलेलं नाही. त्यांचं सगळं आयुष्य बँकेत गेलं. ते म्हणतात, रोखीला ना शुल्क ना मार्कअप (दरावर बँक वरून चढवते ती टक्केवारी). ते आणि काकू व्हिएतनामला कमरेला पैशांचा कसा बांधून डॉलर घेऊन गेले आणि एक पैसा वाया गेला नाही. फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून न्यायचं कार्ड, हे बँकांचं कुरण आणि माझा लेख म्हणजे त्याची जाहिरात. वर सरकारचा २० टक्के कर. शिवाय आता यूपीआय जगभर चालतं, मग कार्डं हवीत कशाला? मे महिन्यात दोघं टूरबरोबर स्वित्झर्लंड आणि पॅरिसला निघाली आहेत. माणशी ३,००० डॉलरच्या नोटा नियमात बसतात, तर तेवढ्या नेणार, असं त्यांनी ठरवलंय.

जाहिरातीचं आधी उरकते. मला कुठल्याही बँकेने आजवर चहासुद्धा पाजलेला नाही. आणि फॉरेक्स कार्डाबद्दल मी पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी पाजेल असंही वाटत नाही.

आता रोखीला शुल्क नसतं याबद्दल. काका, हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर समजू शकले असते. स्टेट बँक रोज दराचा तक्ता काढते, तो तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिला असेल. त्यात डॉलरपुढे एकच आकडा नसतो. तारेने पाठवायच्या पैशांचा दर वेगळा, ट्रॅव्हल कार्डाचा, म्हणजे फॉरेक्स कार्डाचाच, वेगळा आणि नोटांचा वेगळा. विकत घेताना तारेचा दर सगळ्यात स्वस्त, मग कार्डाचा, आणि नोटांचा सगळ्यात महाग. परत विकायला गेलात की नेमकं उलट, नोटांना सगळ्यात कमी भाव. कारण उघड आहे. नोटा परदेशातून आणाव्या लागतात, त्यांचा विमा उतरवावा लागतो, त्या मोजायच्या, तपासायच्या, तिजोरीत नुसत्या पडून राहतात त्याचं व्याज बुडतं. हा सगळा खर्च तुमच्याकडूनच वसूल होतो, फक्त पावतीवर त्याची वेगळी ओळ नसते. पावतीवर दिसतो तो जीएसटी, आणि तो अगदीच किरकोळ असतो: एक लाख रुपयांच्या खरेदीपर्यंत रकमेच्या १ टक्क्यावर १८ टक्के, म्हणजे पूर्ण लाखावर १८० रुपये, आणि कमीत कमी ४५. माणूस ते १८० रुपये बघतो आणि म्हणतो, चला, स्वस्तात झालं.

हिशेब सोपा व्हावा म्हणून धरू की बाजारात डॉलर ९० रुपयांना आहे. मनी चेंजर तो तुम्हाला साडेएक्याण्णवला देतो आणि परत आणलात की साडेअठ्ठ्याऐंशीला घेतो. हजार डॉलर घेतलेत की ९१,५०० रुपये गेले, त्यातले दीड हजार रुपये म्हणजे त्याची कमाई. आणखी १६५ रुपये जीएसटी. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डाला साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी धरून ४.१३ टक्के पडतात, म्हणजे लाखाला ४,१३० रुपये. त्यापुढे ही रोख स्वस्तच म्हणायची.

घोळ पुढे होतो, कारण पॅरिसमध्ये डॉलर चालत नाहीत. तिथे ते युरोत बदलायचे. स्टेशनवर, विमानतळावर किंवा आयफेल टॉवरच्या वाटेवर ‘नो कमिशन’ अशी पाटी लावलेल्या खिडकीत पाच-सात टक्के सहज जातात. तेही दरातच दडवलेले, पाटी त्या अर्थाने खोटं बोलत नाही. सहा टक्के धरले तर त्याच हजार डॉलरवर ५,४०० रुपये. इथले आणि तिथले मिळून सात हजारांच्या वर गेले. त्यापेक्षा ठाण्यात किंवा पुण्यातच थेट युरो घेतले असते तर पावणेदोन हजारांच्या आसपास भागलं असतं, आणि सगळ्यात महागडं कार्ड घासलं असतं तरी चार हजारांच्या आत. म्हणजे तुम्ही निवडलेला रस्ता तिन्हींत सगळ्यात महाग, काका.

मग व्हिएतनामला तोटा का झाला नाही? कारण व्हिएतनामपुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. तिथलं चलन डाँग, ते आपल्याकडे सहजी मिळत नाही, मिळालंच तर दर वाईट, त्यामुळे दोनदा बदलणं टळतच नाही. पण तिथे डॉलरला मागणी भरपूर. नवी कोरी शंभराची नोट असेल तर खरेदी-विक्रीतला फरक अगदी थोडा असतो. रस्त्यावरचं खाणं, बाजार, छोटी हॉटेलं बहुतेक रोखीवर. तिथे मीही डॉलरच नेईन. फक्त नोटा मोजताना चष्मा लावायचा: २० हजारांची आणि ५ लाखांची अशा दोन्ही नोटा निळसर असतात. एक साधारण सत्तर रुपयांची आणि दुसरी सोळा-सतराशेची. घाईत टॅक्सीवाल्याच्या हातात कुठली गेली हे रात्री खोलीवर आल्यावर कळतं.

थायलंडचंही तसंच. शंभराच्या डॉलरला जो दर मिळतो तो एक-दोनच्या नोटांना मिळत नाही, आणि पेनाने खुणा केलेली किंवा शिक्का मारलेली नोट खिडकीतून परत येते. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर वर सामान मिळतं तिथे दर वाईट असतात. तळमजल्याच्याही खाली, शहरात जाणाऱ्या रेल्वेजवळ उतरलात की त्याच इमारतीत चांगले मिळतात. पासपोर्ट मात्र हातात हवा.

तेव्हा भांडण रोख विरुद्ध कार्ड असं नाहीच. पैसे किती वेळा बदलले जातात, आणि शेवटचा बदल कुणाच्या खिडकीत होतो, तेवढंच बघायचं.

रोखीबद्दल अजून एक, कारण तुम्ही ‘घरात पडलेले थोडे पौंडही आहेत’ असं लिहिलंय. ते कागदी २० किंवा ५० चे असतील तर ३० सप्टेंबर २०२२ नंतर ते दुकानात चालत नाहीत. बँक ऑफ इंग्लंड बदलून देते, पण त्यासाठी कोण कुरिअर करत बसणार? स्विस फ्रँकच्या जुन्या मालिकेच्या नोटाही ३० एप्रिल २०२१ पासून व्यवहारातून बाद झाल्या आहेत. आत्याने किंवा मेव्हण्याने ‘आमचे उरलेत, घेऊन जा’ म्हणून प्रेमाने दिलेलं पाकीट आधी उघडून बघा.

आणि काही ठिकाणी रोख चालतच नाही. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून नाणी-नोटा घेत नाहीत. तिथे कार्ड टेकवायचं. त्यात एक मेख आहे: एका कार्डावर दोघांचं भाडं भरता येत नाही, नवरा-बायकोकडे वेगवेगळी कार्डं लागतात. सिंगापूरच्या बस-मेट्रोतही हाच नियम. पण त्याच सिंगापुरात हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या गाड्या एकत्र असतात तिथे, जेवायला गेलात तर कित्येक गाड्यांवर रोख नाहीतर तिथला स्थानिक क्यूआर, तुमचं कार्ड कोणी हातात घेत नाही. एकाच शहरात, पाच मिनिटांच्या अंतरावर.

आता फॉरेक्स कार्ड. त्याची उणी बाजू तुम्ही लिहिलीत त्याहून मोठी आहे. युरो भरलेलं कार्ड स्वित्झर्लंडमध्ये घासलंत तर ते युरोचे फ्रँक करतं आणि त्याचे तीन-साडेतीन टक्के कापतं. स्वित्झर्लंड म्हणजे युरोप, युरोप म्हणजे युरो, असं समजून कितीजण फसतात! फ्रँक वेगळे भरावे लागतात. एटीएममधून काढलंत की दर वेळी दोन डॉलरच्या आसपास शुल्क, शिवाय तिथल्या एटीएमचं वेगळं असू शकतं. वर्षभर वापरलं नाही तर काही बँका त्याचेही पैसे घेतात. हॉटेलात अनामत म्हणून हे कार्ड कधीच देऊ नये. ते दोनशे-तीनशे युरो अडकवून ठेवतात आणि सुटायला आठवडासुद्धा लागतो, आणि हे तर तुमचे स्वतःचे भरलेले पैसे. अनामतीला क्रेडिट कार्ड द्यावं, बँकेचे पैसे अडकू देत. त्या क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे मात्र काढू नयेत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

शून्य मार्कअपवाल्या कार्डाला तुम्ही ‘सापळा’ म्हटलंत. वार्षिक शुल्क नसेल किंवा माफ होत असेल, तर मला तरी तो सापळा दिसत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या दिवसाचा दर लागतो, आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर आधी बघता येतो.

खरा सापळा कार्डात नसून यंत्रात असतो. समजा स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला चॉकलेटं घेतलीत, बिल ४८ फ्रँक. मुलगी यंत्र तुमच्यापुढे धरते. पडद्यावर दोन आकडे: एकीकडे ४८ फ्रँक, दुसरीकडे ५,५४४ रुपये. आपलं बोट आपसूक रुपयाकडे जातं, परक्या मुलखात ओळखीचं माणूस भेटावं तसं. फ्रँक ११० रुपये धरला तर ४८ चे होतात ५,२८०. वरचे २६४ रुपये ते यंत्र बसवणाऱ्याने आणि दुकानाने वाटून घेतले. त्यावर आपल्याकडच्या काही बँका ‘परदेशात रुपयात व्यवहार केला’ म्हणून आणखी टक्काभर लावतात! नेहमी स्थानिक चलन दाबायचं. कधी कधी काउंटरवरचा माणूस न विचारताच रुपया दाबून मोकळा होतो, तेव्हा सही किंवा पिन देण्याआधी थांबवायचं. एटीएमवरही हेच विचारतात, आणि तिथला ‘डिक्लाइन’ बघून माणूस घाबरतो की पैसेच मिळणार नाहीत. मिळतात. फक्त त्यांचा दर नाकारला जातो.

बाकीचे मुद्दे भराभर.

कर: हातखर्चासाठी घेतलेल्या परकीय चलनावर एका आर्थिक वर्षात माणशी १० लाखांपर्यंत टीसीएस (चलन घेतानाच वसूल होणारा कर) नाही. १ एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ७ लाख होती. २० टक्के त्यावरच्या रकमेला, आणि तेही विवरणपत्र भरताना वळते होतात. रोख घेतलीत काय किंवा फॉरेक्स कार्ड, नियम एकच. त्यामुळे नोटा घेऊन कर वाचतो हे काही खरं नाही. टूरच्या पॅकेजवरचा कर वेगळा, तो कंपनी बिलातच लावते.

यूपीआय: श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं, भूतान-नेपाळमध्ये आहे, संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापुरात काही ठिकाणी चालतं. पॅरिसमध्ये सुरुवात आयफेल टॉवरच्या तिकिटापासून झाली. पण समोर क्यूआर दिसला म्हणजे आपलं चालणारच असं नाही. स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकनच्या बेकरीत मोबाइल काढून उभं राहू नका, एवढंच म्हणेन.

तुमच्या मे महिन्याच्या दौऱ्याबद्दल, विचारलं नाहीत तरी सांगते. टूरमध्ये राहणं, फिरणं, बहुतेक जेवण आधीच भरलेलं असतं. उरते कॉफी, चॉकलेटं, नातवंडांची खरेदी आणि ड्रायव्हर-गाइडची बक्षिसी. बक्षिसी बहुधा युरोत रोख मागतात, ती किती हे कंपनीला निघण्याआधी विचारा. दोघांत मिळून ३०० युरो आणि १०० फ्रँक रोख पुरावेत. चेंजरकडून २० आणि ५० च्याच नोटा मागून घ्या, १०० ची नोट कॉफीच्या दुकानात धरली की कपाळाला आठ्या पडतात. बाकी सगळं कार्डावर, काकूंच्या नावाचं वेगळं आणि तुमचं वेगळं, आणि दोन्ही एकाच पर्समध्ये नकोत. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर चालू करा. २०२० पासून नवीन कार्डांवर तो मुळातच बंद असतो. कार्ड चालत नाही म्हणून परदेशातून घरी येणाऱ्या फोनांपैकी कितीतरी या एका कारणाचे असतात. आणि भारतातलं सिम काढून ठेवू नका, बँकेचा संदेश त्यावरच येतो.

कसा जरूर बांधा. पॅरिसच्या मेट्रोत तो लागेलच. फक्त त्यात ६,००० डॉलर नकोत.

फ्रँकची नाणी मात्र शेवटच्या दिवशी संपवा. इथला चेंजर नाणी घेत नाही, आणि स्विस ५ फ्रँकचं नाणं म्हणजे चिल्लर नव्हे, पाचशे रुपयांच्या वर आहे.

व्हिएतनामच्या वेळची इथली पावती आणि तिथे मिळालेला दर तुम्ही जपून ठेवला असणार, बँकेतला माणूस पावती टाकत नाही. दोन्ही आकडे आणि तारीख इथेच खाली लिहा. त्या दिवसाचा बाजारभाव काढून पै-पैचा हिशेब मांडू, मग ‘एक पैसा वाया गेला नाही’ हे वाक्य टिकतं का बघू.