सलाईनची नळी आणि ‘पोरखेळ’: एका प्रतिक्रियेला उत्तर

संत्र्याच्या सायडर व्हिनेगरवर, म्हणजे संत्र्याचा रस आंबवून केलेल्या सिरक्यावर, मी लिहिलं, त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली: “ताई, सलाईनच्या नळीने रस आंबवणं हा पोरखेळ आहे. बरणी फुटून कोणाचा डोळा गेला म्हणजे कळेल. ही दारूच झाली. आणि वापरलेल्या नळीतून जंतू जातात ते वेगळंच. असली कामं जाणकारांवर सोडा, तुम्ही लोणचीच घाला.”

लोणचीच घाला! दादा, बरणी फुटेल अशी शंका होती तर सरळ विचारायची. तुम्ही विचारलं नाही, मला माझी जागा दाखवलीत. लोणचं घालणं हलकं काम वाटत असेल, तर तुमच्या घरी वर्षभराचं लोणचं जी घालते तिच्यासमोर हे वाक्य म्हणून बघा.

आता बरणीचं. एक लिटर संत्र्याच्या रसात साधारण 80 ते 100 ग्रॅम साखर असते. यीस्ट ती खातं तेव्हा जवळपास निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे वीस लिटरच्या वर वायू. झाकण घट्ट लावलं तर बरणी फुटणारच. ती फुटू नये म्हणून तर नळी आहे! झाकणाला तापलेल्या सळईने भोक पाडायचं, नळी त्यात घालून एम-सीलने बुजवायची, तिचं टोक रसाच्या वर राहील असं ठेवायचं आणि दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं. वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो, हवा आत येत नाही. परदेशातल्या महागड्या एअरलॉकमध्ये, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या आणि हवा आत न घेणाऱ्या बुचात, याहून वेगळं काही घडत नाही. तिथे ते शास्त्र, आणि माझ्या ओट्यावर पोरखेळ?

मी काटोलकडच्या संत्र्याच्या बगीच्यात वाढले. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची) बारकी, डागी फळं कोणी उचलायचं नाही, बांधावर सडायची. ती सडताना बघितली आहेत म्हणून मी हे करते. साल, पांढरा पापुद्रा आणि बिया राहिल्या की रस कडू होतो, हे मला पुस्तकाने नाही शिकवलं. नागपूरच्या मे महिन्यात हा घाट घालू नका, हिवाळ्यात घाला, हेही मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथवर वाचलं नसावं.

नळीचा एक मुद्दा मान्य. मेडिकलमधून सलाईनच्या नळीचा नवा, सीलबंद सेटच घ्यावा, वापरलेला कधीच नाही. तेवढी ओळ लेखात वाढवली आहे.

‘दारूच झाली’ यावर मी वाद घालत बसणार नाही. बुडबुडे थांबले की झाकण काढून मलमलचं फडकं बांधायचं, मग हवेने त्याचा सिरका होतो, हे लेखाच्या दुसऱ्या भागात आहे.

पुन्हा लिहाल तर बरणीवर लिहा, माझ्या लोणच्यांवर नको. उत्तर देईन.